दोन गाड्यांमधली फट

विरारहून सकाळी पावणेसातला निघायचे आणि संध्याकाळी साडेपाचला बॅकबेहून परतायचे. १२ एप्रिल १८६७ रोजी सुरू झालेल्या पहिल्या विरार लोकलचे वेळापत्रक एवढेच होते. वाटेत नीला (आजचे नालासोपारा), बेसिन (वसई), खाडीतले पांजू असे थांबे. रूळ बी.बी. अँड सी.आय. रेल्वेचा. मालगाड्या आणि गुजरातकडच्या गाड्या धरल्या तरी त्या रुळाला दिवसाचा बराचसा वेळ मोकळा मिळत असणार. रूळ सांभाळणाऱ्या गँगला हातोडा खाली ठेवून घाम पुसायलाही सवड होती.

आज पश्चिम रेल्वे रोज तेराशेहून जास्त लोकल सोडते. २००७ मध्ये विरारपर्यंत चार मार्ग झाले. वसई रोडला दिवा मार्ग येऊन मिळतो, त्यावर मालगाड्यांची रीघ असते. शिवाय मेल-एक्सप्रेस आहेतच. स्टेशनच्या पश्चिमेला लागूनच माणिकपूर. इथल्या माणसाला गाडीचा आवाज ऐकू येत नाही, तो थांबला की मात्र जाग येते. शेवटची लोकल गेल्यावर थोडा वेळ शांतता पसरते आणि मग खडी ठोकणारे टॅम्पिंग मशीन सुरू होते. शेजारीपाजारी त्याला शिव्या घालतात. रुळाच्या सुरक्षेचा खरा प्रश्न त्या शिव्यांपाशीच सुरू होतो, कारण रूळ मापात ठेवायला पोलादापेक्षा वेळ जास्त लागतो आणि तोच मिळत नाही.

मापे अगदी बारीक आहेत. ब्रॉडगेजची रुंदी १६७६ मिलिमीटर धरली जाते, काँक्रीट स्लीपरवर ती १६७३ ठेवतात. सरळ मार्गावर त्यात किती फरक चालेल, हे रेल्वेच्या नियमपुस्तिकेत मोजक्या मिलिमीटरच्या हिशेबात सांगितलेले असते. म्हणजे करंगळीच्या जाडीहूनही कमी खेळ, आणि वरून जाते खच्चून भरलेली पंधरा डब्यांची लोकल. रुळाच्या पोटातला तडा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ध्वनिलहरींनी तपासणी होते. ती कधी करायची हे कॅलेंडर ठरवत नाही. वरून किती टन वाहतूक गेली त्यावर ते ठरते. गाड्या वाढल्या की तपासणीही वाढवावी लागते, आणि त्याच गाड्या तपासणीची जागा खातात.

उन्हाचा हिशेब आणखी कठीण. मोकळा पडलेला किलोमीटरभर रूळ चाळीस अंशांनी तापला तर जवळजवळ ४६ सेंटिमीटर लांबेल. पूर्वी सांध्यासांध्याला फट ठेवत, तीच ती 'खडखड' जुन्या प्रवाशांच्या कानात आहे. आता रूळ जोडून अखंड केले आहेत. त्यांना स्लीपर, क्लिपा आणि खडी दाबून धरतात, त्यामुळे लांबण्याची ओढ पोलादातच कोंडून राहते. भर उन्हात खडी उकरली तर तो कोंडलेला जोर बाजूला निसटतो आणि रूळ वाकडा होतो. म्हणून तापल्या रुळावर मोठे काम करायला नियमानेच मनाई आहे. थंडीत उलटे होते. रूळ आखडतो आणि 'रुळाला तडा, लोकल विस्कळीत' ही बातमी पहाटे येते. तेव्हा तड्याला फिशप्लेट आणि क्लॅम्प लावून गाड्या सावकाश सोडतात. खालचा तो उपचार डब्यातल्या कोणालाच दिसत नाही.

वसईत या सगळ्यावर मिठागरांचा खारा वारा. नायगाव-भाईंदरच्या बाजूला क्लिपा गंजून स्लीपरला अशा चिकटतात की काढायच्या म्हटल्या तर घणच हवा. म्हणून त्या ठराविक मुदतीने काढून, ग्रीस लावून पुन्हा बसवायच्या असतात. काम साधे, कंटाळवाणे, आणि म्हणून पुढे ढकलायला सर्वांत सोपे. पावसाळ्याचे वेगळेच. १० जुलै २०१८ च्या पावसात वसई ते विरार रूळ पाण्याखाली गेले आणि अडकलेल्या गाडीतल्या प्रवाशांना बाहेर काढायला एनडीआरएफला यावे लागले. पाणी ओसरले की खडीखालची माती कुठे वाहून गेली, हे कोणीतरी चालत जाऊनच पाहावे लागते.

तेवढ्यासाठी रोज माणूस चालतो. त्याला कीमन म्हणतात. जुन्या लोखंडी स्लीपरांच्या चाव्या ठोकण्यावरून पडलेले हे नाव चाव्या गेल्या तरी टिकले. त्याच्याजवळ पाना, हातोडा, लाल झेंडे आणि चाकाखाली फुटून चालकाला सावध करणारे फटाके असतात. धोका दिसला की ६०० मीटरवर बॅनर लावायचा आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके रुळावर ठेवायचे. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी १२०० मीटर अंतर ५४ सेकंदांत कापते. धावत जाऊन ते ठेवायला एका माणसाला किती मिनिटे लागतात, हा हिशेब वाचकाने स्वतः करावा.

२२ जानेवारी २०२४ ची रात्र, सुमारे नऊची वेळ. वसई रोड आणि नायगावच्या मध्ये सिग्नलचा बिघाड दुरुस्त करायला गेलेले तीन रेल्वे कर्मचारी लोकलखाली सापडले आणि गेले. ते रूळ विभागाचे नव्हते, सिग्नल विभागाचे होते, पण फट तीच. अंधार आणि एकामागून एक येणाऱ्या गाड्या. गाडी जवळ आल्याचा इशारा ट्रॅकमनला देणारी उपकरणे रेल्वेने आणली आहेत, पण इशारा मिळाल्यावर बाजूला उभे राहायला जागा तरी हवी.

मग नियम पाळले जातात की नाही हे पाहते कोण? अमेरिकेत केंद्रीय नियमावलीने रुळांचे वर्ग पाडले आहेत. रूळ वरच्या वर्गाच्या मापात बसला नाही की तो खालच्या वर्गात जातो आणि गाडीचा वेग आपोआप उतरतो. आपल्याकडे तेच काम कॉशन ऑर्डर, म्हणजे गाडी सावकाश चालवण्याचा आदेश, करते, पण ती काढणारा आणि गाड्या वेळेवर धावल्या पाहिजेत असे म्हणणारा एकाच घरचे. नवा मार्ग प्रवाशांना खुला करण्याआधी मात्र रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मंजुरी लागते, आणि ते नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. ऐकायला विनोदी वाटते, पण या व्यवस्थेतले सर्वांत शहाणपणाचे कलम हेच आहे. रोजच्या देखभालीच्या वाट्याला मात्र असे परके डोळे क्वचितच येतात.

तसे डोळे एकदा देशाच्या महालेखापरीक्षकांचे, म्हणजे कॅगचे, लागले. २०१७-१८ ते २०२०-२१ या काळातल्या रूळ घसरण्याच्या घटनांवरील त्यांच्या अहवालात १,१२९ चौकशा तपासल्या होत्या. १७१ प्रकरणांत दोष रुळांच्या देखभालीचा निघाला. त्याहून बोलका तपशील यंत्रांचा. देखभालीची यंत्रे रिकामी उभी राहण्याचे सर्वांत मोठे कारण, ३२ टक्के, वाहतूक विभागाने ब्लॉकच, म्हणजे गाड्या थांबवून कामासाठी द्यायचा वेळच, दिला नाही हे होते. त्यामागे ३० टक्के, विभागांनी ब्लॉक आखलाच नाही. यंत्र होते आणि रूळही होता, नव्हती ती दोन गाड्यांमधली वेळ.

म्हणून रविवारचा जम्बो ब्लॉक. त्या दिवशी वसई रोडच्या फलाटावर माणसांची दाटी होते, लग्नाला निघालेली मंडळी घोषणा ऐकून कपाळावर हात मारतात, कोणीतरी 'हे रोजचंच' म्हणतो. माझाही एकदा पाहुणचार हुकला आहे, राग मीही केला आहे. पण त्या चार-पाच तासांसाठी रूळ विभागाने किती अर्ज केले असतील आणि किती परत आले असतील, हे त्या घोषणेत कुठे ऐकू येत नाही.

सोमवारी सकाळी पुन्हा सगळे वेळापत्रकात. गर्दी फलाटाच्या कडेला सरकते आणि नायगावच्या दिशेने कीमन निघतो. जाताना तो एका रुळाकडे बघत जातो, दुसऱ्याची पाहणी परतताना करायची असते. मध्येच गाडी आली की खडीवर उतरून उभा राहतो, ती गेली की जिथे थांबला होता त्या स्लीपरपासून पुढे चालू लागतो.