उडती जुनी लढाऊ विमानं आणि कॅमेरा

प्रॉपेलरच्या विमानाचा फोटो हातात आला, की जाणकाराची नजर आधी पंख्याकडे जाते. पाती जागच्या जागी थिजलेली असली, तर फोटो कितीही नितळ असो, विमान दोरीने टांगल्यासारखं दिसतं. पाती विरघळून त्यांची पारदर्शक चकती झाली असेल, तर तेच विमान उडतंय हे डोळ्यांना पटतं. स्पिटफायर वीस हजारांवर बनली, लँकेस्टर बॉम्बर सात हजारांवर. त्यांतली मोजकीच आज हवेत जातात. उडणारी लँकेस्टर तर जगभरात दोनच, एक ब्रिटनमध्ये आणि एक कॅनडात. संग्रहालयात उभ्या विमानाचा फोटो कधीही काढता येतो. एअर शोमध्ये जायचं ते या यंत्रांचं जिवंतपण टिपायला, आणि ते शटर स्पीडवर ठरतं.

हिशेब सोपा आहे. स्पिटफायरचं मर्लिन इंजिन मिनिटाला अडीच हजारांच्या आसपास फेरे घेत असलं, तरी मधल्या गिअरमुळे पंखा त्याच्या निम्म्याहून कमी वेगाने फिरतो. मिनिटाला 1,200 फेरे धरले, तर सेकंदाला 20 होतात. शटर 1/1000 सेकंद उघडलं, तर पातं जेमतेम 7 अंश सरकतं, म्हणून ते थिजलेलं दिसतं. 1/160 ला ते 45 अंश फिरतं. चार पात्यांच्या पंख्याची पूर्ण चकती हवी असेल, तर 1/80 पर्यंत उतरावं लागतं. जेटला पंखाच दिसत नसल्याने तिथे 1/1000 किंवा त्याहून वेगवान शटर बेलाशक वापरावं.

अडचण अशी, की 1/80 ला 500 मिलिमीटरची लेन्स हातात स्थिर राहत नाही आणि समोरचं विमान तर ताशी तीन-चारशे किलोमीटर वेगाने चाललेलं असतं. इथे पॅनिंग कामाला येतं. विमान सर्वांत जवळ जिथे येणार, त्या दिशेला पाय रोवून उभं राहायचं. कमरेवरचं अंग उलट बाजूला वळवून विमान दूर असतानाच व्ह्यूफाइंडरमध्ये पकडायचं, कोपरं अंगाला चिकटवायची आणि विमानाच्या गतीने धड फिरवत आणायचं. बटण दाबल्यावर हात थांबला, की फोटो गेलाच. गोळी सुटल्यावरही नेमबाज नेम सोडत नाही, तसंच हे. नवख्याने 1/250 ने सुरुवात करावी आणि हात बसेल तसं खाली यावं. धूसर फोटोंचा ढीग पडणारच. त्यातून विमान रेखीव आणि पंखा चकतीसारखा असा एक फोटो निघाला, तरी दिवस सार्थकी लागतो.

बाकी लढाई उजेडाशी असते. पांढुरक्या आकाशापुढे कॅमेऱ्याचा मीटर फसतो आणि विमान काळं ठिक्कर येतं. एक्स्पोजर एखादा स्टॉप वाढवला, की पोटाखालचा रंग आणि खुणा दिसू लागतात. दुपारी तापलेल्या धावपट्टीवरून हवेच्या लहरी उठतात. मग लेन्स कितीही महागाची असो, रिव्हेटच्या ओळी पाघळलेल्याच दिसतात. त्यावर उपाय दोनच: अंतर कमी करणं किंवा ऊन उतरण्याची वाट पाहणं.

म्हणूनच मैदानाची जाण लेन्सइतकीच मोलाची. इंग्लंडमधल्या केंब्रिजजवळच्या डक्सफर्डला इम्पीरियल वॉर म्युझियमचा मोठा विमानतळ आहे. तिथले प्रेक्षक धावपट्टीच्या उत्तरेला, दक्षिणेकडे तोंड करून उभे राहतात, म्हणजे दिवसाचा बराच वेळ सूर्य समोर. बेडफर्डशरमधलं ओल्ड वॉर्डन त्यामानाने लहान, गवती धावपट्टीचं. प्रेक्षकांची रांग तिथे मध्येच वळते. तिला वळसा घालताना विमान कलतं आणि त्याची पाठ, कॉकपिट, पंखांवरची वर्तुळं असं सगळं एका चौकटीत मिळतं. जमिनीवरून असा कोन क्वचितच सापडतो. तिथल्या शटलवर्थ संग्रहात 1909 चं ब्लेरिओ आहे. त्याचं इंजिन तीन सिलिंडरचं, जेमतेम 25 अश्वशक्तीचं. वारा पूर्ण पडला, तरच ते धावपट्टीपुरती एखादी छोटी झेप घेतं. ती वेळ बहुधा संध्याकाळची, आणि उजेडही तेव्हाच सोन्यासारखा.

मर्लिन सुरू होण्याचा क्षण तर चुकवूच नये. आधी पाती एकेक करून, अडखळत फिरतात. मग नाकाच्या दोन्ही बाजूंच्या आखूड नळ्यांतून निळसर-पांढऱ्या धुराचे लोट उसळतात, एखादी ज्वाळा चमकते, मागचं गवत आडवं होतं. मैदानावरचा माणूस पंख्याकडे डोळे लावून उभा असतो आणि कॉकपिटमधला वैमानिक त्याच्याकडे पाहत असतो. कॅमेरा या दोघांवर रोखावा, कारण ही यंत्रं माणसांच्या हातांनी जगली आहेत.

या जगण्यात भारताचा वाटा मोठा आहे. आर 4118 क्रमांकाच्या हरिकेनने 1940 मध्ये क्रॉयडनच्या तळावरून 605 स्क्वाड्रनसाठी 49 उड्डाणं केली. पुढे ते भारतात आलं आणि बनारस हिंदू विद्यापीठात पोहोचलं. 1982 मध्ये जुन्या गाड्यांच्या एका ब्रिटिश शौकिनाला ते तिथल्या आवारात उघड्यावर गंजताना दिसलं. 2001 मध्ये ते मायदेशी गेलं आणि 2004 च्या डिसेंबरात पुन्हा उडालं. उलटा प्रवास डाकोटाचा. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला दुरुस्त होऊन ती 2018 मध्ये भारतात आली. ‘परशुराम’ नावाने हवाई दलाच्या व्हिंटेज फ्लाइटमध्ये दाखल झालेल्या या विमानावर व्हीपी 905 हा क्रमांक आहे. 27 ऑक्टोबर 1947 ला श्रीनगरला सैनिक उतरवणाऱ्या डाकोटाची ती आठवण. याच फ्लाइटमधल्या टायगर मॉथ, हार्वर्ड आणि डाकोटा यांना आपल्याकडच्या लोकांनी अधिक वेळा उडताना पाहावं, असं मला मनापासून वाटतं. वायुसेना दिनापुरती ही ओळख राहू नये.

जवळून फोटो मिळावा म्हणून विमान जवळून उडावं, ही अपेक्षा मात्र सोडून द्यावी. 22 ऑगस्ट 2015 ला शोरमच्या प्रदर्शनात हॉकर हंटर महामार्गावर कोसळलं आणि 11 जणांचा जीव गेला. त्यानंतर ब्रिटनमध्ये नियम कडक झाले, विमानं लांब गेली. 2022 मध्ये डॅलसला बी-17 आणि किंगकोब्रा यांची हवेत टक्कर होऊन दोन्ही विमानांतले सहाही जण गेले. अंतर वाढल्याची कुरकुर करणाऱ्यांनी ही नावं आठवावीत. लेन्स लांब पल्ल्याची घेता येते, वैमानिक दुसरा आणता येत नाही.

आणखी एक काम घरी आल्यावरचं. उडणारी अनेक जुनी विमानं दुसऱ्याच विमानाचा रंग आणि क्रमांक मिरवतात. व्हीपी 905 हे त्याचंच उदाहरण. तारीख, मैदान, अंगावरचा क्रमांक, विमानाची खरी ओळख आणि आधीचा प्रवास एवढं प्रत्येक फोटोसोबत लिहून ठेवावं. हे टिपण नसेल, तर पन्नास वर्षांनी तोच फोटो खोटी साक्ष देईल. विमान उडत होतं हे पंख्याची चकती सांगते. ते नेमकं कोणतं होतं, हे फोटो काढणाऱ्यानेच सांगायचं असतं.