स्थिर दराची मुदत संपते तेव्हा

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. इंग्लंडात घर घेतलेला माणूस तिला आणखी एक शेपूट जोडील : ‘आणि गहाण पाहावे बदलून!’

आपल्या महाविद्यालयाचा एक माजी विद्यार्थी लेस्टर येथे नोकरीस आहे. सुट्टीत बेळगावला आला असता तो भेटीस आला. चहा झाल्यावर त्याने खिशातून बँकेचे एक पत्र काढले. ‘‘सर, तुम्ही आम्हांला व्याजाची गणिते शिकवलीत. आता हे सोडवून द्या,’’ तो म्हणाला. पत्र दोनच परिच्छेदांचे होते. आपल्या कर्जावरील पाच वर्षांचा स्थिर दर अमुक तारखेस संपत आहे, त्यानंतर आपणांस बँकेचा नेहमीचा बदलता दर लागू होईल, एवढाच त्याचा मथितार्थ. पण त्या दोन परिच्छेदांत त्याच्या घरखर्चाचे सगळे गणित उलटेपालटे होण्याची बीजे होती.

प्रथम तिकडची पद्धत समजून घेऊ. ब्रिटनमध्ये घरासाठी कर्ज घेतले की ते बहुधा पंचवीस, तीस किंवा त्याहून अधिक वर्षांत फेडायचे असते. परंतु व्याजाचा दर मात्र तेवढ्या काळासाठी ठरलेला नसतो. तो दोन किंवा पाच वर्षांपुरता स्थिर असतो. ती मुदत संपली की कर्ज आपोआप बँकेच्या ‘स्टँडर्ड व्हेरिएबल रेट’वर जाते. हा दर बँक स्वतःच्या मर्जीने ठरवते आणि तो बाजारातील चांगल्या दरापेक्षा बराच चढा असतो. अमेरिकेत तीस वर्षे एकच दर राहणारे कर्ज सर्रास मिळते. ब्रिटनमध्ये तसे नाही. त्यामुळे तिथला कर्जदार दर काही वर्षांनी पुन्हा बाजारात उभा राहतो.

आता आमच्या पाहुण्याचे गणित घेऊ. आकडे समजण्यापुरते गोल केले आहेत. घराची किंमत २,५०,००० पौंड, कर्ज २,००,००० पौंड, मुदत २५ वर्षे. दर अगदी तळाला गेले होते त्या काळात त्याला द.सा.द.शे. दीड टक्क्याने कर्ज मिळाले. महिन्याचा हप्ता ८०० पौंड. पाच वर्षे फेडल्यावर बाकी राहिली सुमारे १,६५,७६० पौंड. आता उरलेल्या वीस वर्षांसाठी साडेचार टक्के दर मिळाला, तर हप्ता होतो १,०४९ पौंड. आणि पत्र फडताळात टाकून तो स्वस्थ बसला व बँकेचा बदलता दर साडेसात टक्के निघाला, तर हप्ता १,३३५ पौंड! म्हणजे नुसत्या आळसाची किंमत महिना २८६ पौंड.

दर एवढे वर का गेले, हेही पाहण्यासारखे आहे. बँक ऑफ इंग्लंडचा मूळ दर मार्च २०२० मध्ये ०.१ टक्क्यावर आला आणि डिसेंबर २०२१ पर्यंत तिथेच राहिला. पुढे महागाई भडकली आणि बँकेने लागोपाठ चौदा वेळा दर वाढवून तो ऑगस्ट २०२३ मध्ये ५.२५ टक्क्यांवर नेला. ऑगस्ट २०२४ पासून तो उतरू लागला. पण स्थिर दराचे कर्ज मूळ दराच्या पावलावर पाऊल टाकून चालत नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. पाच वर्षे एकच दर देऊ असे वचन देताना पुढील पाच वर्षांत दर कसे असतील, असा बाजाराचा जो अंदाज असतो, त्यावर बँक आपला भाव ठरवते. म्हणूनच २३ सप्टेंबर २०२२ रोजी अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी भरपाईची सोय न सांगता मोठी करकपात जाहीर केली, तेव्हा बँक ऑफ इंग्लंडची पुढची बैठक होण्याआधीच अनेक बँकांनी आपल्या कर्जयोजना मागे घेतल्या, आणि ऑक्टोबरात दोन वर्षांच्या स्थिर दराची सरासरी सहा टक्क्यांपलीकडे गेली. त्या पंधरवड्यात ज्यांची मुदत संपत होती, त्यांचा काय दोष होता? काहीच नाही. तारीख वाईट निघाली, इतकेच.

तेव्हा पहिला नियम असा की मुदत संपण्याची वाट पाहू नये. जून २०२३ मध्ये ब्रिटिश सरकार आणि प्रमुख बँका यांच्यात एक सनद झाली. तीत सहा महिने आधी नवा दर पक्का करून ठेवण्याची, आणि तो सुरू होण्यापूर्वी त्याच बँकेत तसाच पण स्वस्त दर निघाला तर तो मागण्याची सवलत कर्जदारास मिळाली. छत्री आधी घेऊन ठेवावी आणि पाऊस नाहीच आला तर परत करावी, असा हा प्रकार. यात कर्जदाराचे जवळजवळ काहीच जात नाही.

दुसरा प्रश्न असा : आहे त्याच बँकेत राहावे की दुसरीकडे जावे? त्याच बँकेत नवा दर घेतला, तर बहुधा उत्पन्नाची नव्याने तपासणी होत नाही, वकील लागत नाही, आणि काम काही दिवसांत होते. दुसऱ्या बँकेकडे गेल्यास ती घराचे मूल्यांकन करते, पगार आणि खर्च तपासते, जुने गहाण सोडवून नवे नोंदवण्यासाठी वकील लागतो, आणि आठवडेच्या आठवडे जातात. मात्र दर कमी असेल तर ही यातायात फुकट जात नाही. शहाणा माणूस आधी आपल्या बँकेचा भाव विचारतो, मग सगळ्या बाजाराची माहिती असलेल्या दलालाला विचारतो, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहतो.

इथे एक मुद्दा आमच्या पाहुण्याच्या ध्यानात आला नव्हता. कर्जाचे घराच्या किमतीशी असलेले प्रमाण जितके कमी, तितका दर कमी. या प्रमाणाच्या पायऱ्या असतात : ९० टक्के, ८५, ८०, ७५ आणि ६०. त्याने सुरुवात ८० टक्क्यांवर केली. आता बाकी १,६५,७६० पौंड. घराची किंमत तेवढीच धरली तर प्रमाण ६६ टक्के होते. पण किंमत २,८०,००० झाली असेल तर ते ५९ टक्क्यांवर येते आणि तो सर्वांत स्वस्त पायरीवर उभा राहतो. म्हणून नव्या मूल्यांकनाचा आग्रह धरावा. पायरी थोडक्यात हुकत असेल, तर शिल्लक टाकून तेवढे मुद्दल आधी फेडणेही फायद्याचे ठरते.

तिसरी गोष्ट शुल्काची. जाहिरातीतला दर पाहून भुलू नये. समजा, एका ठिकाणी दर साडेचार टक्के आणि शुल्क काही नाही. दुसरीकडे दर ४.३ टक्के, पण शुल्क ९९९ पौंड. दरातील फरकाने वर्षाला सुमारे ३३० पौंड व्याज वाचते. दोन वर्षांच्या करारात ही बचत साडेसहाशेच्या आसपास, म्हणजे शुल्कही भरून निघत नाही. पाच वर्षांच्या करारात मात्र बचत दीड हजारांपर्यंत जाते, आणि तिथे हाच करार फायद्याचा होतो. कर्ज लहान असेल तर शुल्क जड, मोठे असेल तर हलके. हे साधे त्रैराशिक आहे, पण ते न करता लोक सही करतात.

चौथी गोष्ट तारखेची. स्थिर मुदतीत कर्ज फेडले तर दंड बसतो. तो बहुधा बाकीच्या एक ते पाच टक्के असतो आणि वर्षागणिक कमी होत जातो. एक टक्का धरला तरी आमच्या पाहुण्याला १,६५० पौंडांवर फटका! म्हणून नवे कर्ज जुनी मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू व्हावे असे बघावे. एक दिवस आधी नको, आणि महिनाभर उशिराही नको.

हप्ता झेपेना तर? मुदत वाढवून घेता येते. वीसऐवजी पंचवीस वर्षे केली तर साडेचार टक्क्यांनी हप्ता ९२१ पौंडांवर येतो. महिना १२७ पौंडांचा दिलासा. पण शेवटपर्यंत तसेच चालू ठेवले तर एकूण भरणा सुमारे २४,७०० पौंडांनी वाढतो. अडचणीत हा उपाय करावा, पण हात मोकळा होताच मुदत पुन्हा कमी करावी.

या साऱ्यात सर्वांत बिकट अवस्था ज्यांना बदलताच येत नाही त्यांची. २००८ च्या पडझडीत काही बँका बुडाल्या आणि त्यांची कर्जे नवे कर्ज न देणाऱ्या कंपन्यांकडे गेली. पुढे पात्रतेचे नियम कडक झाले. वर्षानुवर्षे चढे हप्ते नियमित भरणाऱ्या माणसाला ‘तुला कमी हप्ता परवडणार नाही’ असे ऐकावे लागले! तिकडे अशांना ‘गहाणाचे कैदी’ म्हणतात.

आपल्याकडे काय? भारतात गृहकर्जे बहुतांशी बदलत्या दराची असल्याने असा कडा एकाएकी समोर येत नाही. पण घसरण असतेच. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. अनेकांचा हप्ता तेवढाच राहिला आणि मुदत मात्र गुपचूप लांबली. काहींची तर निवृत्तीच्या पलीकडे गेली. म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले की दर बदलल्यास हप्ता व मुदत यांवर होणारा परिणाम कर्जदारास कळवा, आणि हप्ता वाढवायचा की मुदत याची निवड त्याला करू द्या. बदलत्या दराचे गृहकर्ज मुदतीआधी फेडल्यास बँकांनी दंड घेऊ नये, असा आदेश तर २०१२ सालीच निघाला आहे. तेव्हा दुसऱ्या बँकेत कर्ज नेण्याचा मार्ग आपल्यालाही मोकळा आहे. आमच्या प्राध्यापक-कक्षातील किती जणांनी आपल्या कर्जाचा आजचा दर आणि उरलेले हप्ते पाहिले आहेत, हे विचारण्याचे धाडस मी अजून केलेले नाही. माझे स्वतःचे मी त्या दिवशी प्रथमच पाहिले.

आमच्या पाहुण्याने पाच वर्षांचा करार घेतला. दर आणखी उतरतील असे त्याला वाटत होते. पण घरात लहान मूल, पत्नीची नोकरी सुटलेली. ‘‘दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, पण हप्ता किती हे मला माहीत हवे,’’ तो म्हणाला. गणिताने पर्याय दाखवले, निवड त्याने केली. व्याजाचे गणित शिकवताना आम्ही हे शेवटचे वाक्य फळ्यावर लिहीत नाही. यापुढे लिहावे म्हणतो.