शेजारी साडेनऊशे वर्षांचा!

लोकलच्या खिडकीतून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पाहिलंत तर काय दिसतं? इमारतींना खेटून इमारती! पण अंबरनाथला उतरून पूर्वेला गेलात की वालधुनी नदीच्या काठी काळ्या दगडाचं शिवमंदिर भेटतं. तिथल्या शिलालेखात शके ९८२ असं वर्ष आहे, म्हणजे इ. स. १०६०. तेव्हा इथे शिलाहार राजांचं राज्य होतं. या मंदिराची गंमत म्हणजे गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतराव्या लागतात, आणि आत उभं राहून वर पाहिलं की थेट आभाळ दिसतं!

आता समजा, याच भागात तुमच्यासाठी सांस्कृतिक केंद्र बांधायचंय. नाटकाचा रंगमंच, चित्रांचं दालन, वाचनालय, सगळं हवं. मग मंदिराला लागूनच बांधूया का?

छे! कायदा तसं करू देत नाही. असं स्मारक 'संरक्षित' असतं. त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करायला बंदी आहे. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये बांधायचं तर आधी परवानगी काढावी लागते. २०१० साली हा नियम कायद्यातच घातला गेला.

तुम्ही म्हणाल, एवढा कडकपणा कशाला? अहो, पाया खणताना यंत्रांनी जमीन हादरते. जमिनीखाली जुने अवशेष असतील तर तेही तुटतात. शिवाय गाभारा आहे खोलगट. भोवती सगळीकडे भराव आणि काँक्रीट केलं, तर पावसाचं पाणी मुरणार कुठे?

पण म्हणून नवं काही बांधायचंच नाही, असं नाही हं! ग्रीसमध्ये अथेन्सला अॅक्रोपोलिस टेकडीच्या पायथ्याशी २००९ साली नवं संग्रहालय उघडलं. त्या जागी खणताना जुन्या वस्तीचे अवशेष सापडले. मग वास्तुरचनाकार बर्नार्ड चुमी यांनी इमारत खांबांवर उचलून धरली आणि काही ठिकाणी काचेची जमीन केली. आज लोक पायाखाली जुनं गाव बघत फिरतात. वरच्या मजल्यावरून टेकडीवरचं पार्थेनॉन मंदिरही दिसतं.

आपलं केंद्रही असंच शहाणं हवं. बुटकं, साधं, मंदिराच्या बाजूला मोठी खिडकी असलेलं. सिमेंटची खोटी नक्षी मात्र नको, नाहीतर जुनं कोणतं नि नवं कोणतं हेच कळायचं नाही.

चला तर, कंपासपेटी काढा. १ सेंटीमीटर म्हणजे २० मीटर धरा. कागदावर मध्यभागी मंदिरासाठी ठिपका द्या. त्याभोवती ५ सेंटीमीटर आणि १५ सेंटीमीटर त्रिज्येची दोन वर्तुळं काढा. खरी हद्द अशी गोल नसते, पण अंदाज येतो. आता नदी काढा, रस्ता काढा, महाशिवरात्रीच्या जत्रेला येणाऱ्या गर्दीसाठी मोकळी जागा ठेवा. मग सांगा पाहू, तुमचं केंद्र कुठे बसतं?