मावळ्यांची नवी बैठक

आमच्या नार्व्यात दिवाळी म्हटली की मुलांच्या हाती आधी बांबू, गवत आणि जुनी वर्तमानपत्रे येतात, कारण साऱ्या गोमंतकाप्रमाणे येथेही नरकचतुर्दशीच्या पहाटे जाळावयाचा नरकासुर सिद्ध व्हावयाचा असतो. आमच्या घरी मात्र नरकासुराच्या जोडीला अंगणात मातीचा किल्लाही होत असे. ही रीत माझ्या आईने माहेराहून, म्हणजे बेळगावाहून आणलेली. किल्ल्यासाठी लागणारे सैन्य मामा पुरवीत. दर दिवाळीला ते येताना फराळाच्या डब्याबरोबर चार-दोन मावळे घेऊन येत, आणि शेजारची मुले आपला नरकासुर अर्धवट सोडून आमच्या अंगणात येऊन उभी राहत.

हे सैन्य गेली कित्येक वर्षे माळ्यावरच्या एका पत्र्याच्या डब्यात पडून होते. मागील वर्षी श्रावणात बडोद्याहून पुतण्याचा दूरध्वनी आला. त्याच्या दहा वर्षांच्या चिरंजिवांना दिवाळीत किल्ला करावयाचा होता आणि बाजारातले प्लॅस्टिकचे मावळे त्यांना पसंत नव्हते. "काका, बाबांचे मावळे अजून आहेत का हो?" पुतण्याने विचारले. त्याचे बाबा म्हणजे माझे थोरले बंधू. दादाला जाऊन आता बरीच वर्षे झाली. मी डबा खाली काढला.

आत एकतीस सैनिक निघाले. तेवीस मातीचे, आठ धातूचे घोडेस्वार. मातीच्यांपैकी नऊ जणांचे पाय गेलेले, कोणाचा भाला मोडलेला, कोणाची ढाल निखळून डब्याच्या तळाशी पडलेली. घोडेस्वारांची कथा निराळीच होती. ते मूळचे मराठे नव्हतेच. बेळगाव हे जुने छावणीचे शहर. तेथल्या जुन्या बाजारात मामांना हे गोरे स्वार मिळाले होते, लाल डगले आणि सोला टोपी घातलेले. दादाने त्यांचे धर्मांतर केले. टोप्यांच्या कडा कानशीने घासून त्यांवर शिवणाचा दोरा डिंकाने गुंडाळला आणि त्यांची पागोटी केली, डगले केशरी रंगविले. तेव्हा तो तेरा वर्षांचा होता आणि मी सहा.

हा उद्योग केवळ दादाचाच नव्हे, हे मला फार उशिरा कळले. युरोप-अमेरिकेत, आणि आता आपल्याकडील मोठ्या शहरांतही, इतिहासातील लढाया मेजावर खेळणारी प्रौढ मंडळी आहेत. ह्या खेळाचा उगम प्रशियाच्या सैन्यातला. राइसविट्झ नावाच्या पितापुत्रांनी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी युद्धाचा एक खेळ रचला. पित्याने १८१२ च्या सुमारास तो दाखविला आणि पुत्राने १८२४ मध्ये त्याचे नियम छापले. त्यात सैनिकांच्या जागी साधे ठोकळे असत. लंडनच्या ब्रिटन नामक खेळणीवाल्यांनी १८९३ मध्ये शिशाचे पोकळ सैनिक ओतण्याची युक्ती काढली, त्यामुळे सैनिक हलके झाले आणि स्वस्तही. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्स ह्या विख्यात कादंबरीकाराने 'लिट्ल वॉर्स' ह्या पुस्तकात अशा सैनिकांनी दिवाणखान्यात लढाई कशी खेळावी ह्याचे नियम दिले. त्या लढाईत स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी कांडी सुटते आणि जो सैनिक आडवा पडेल तो मेला! एवढा मोठा लेखक गुडघे टेकून जमिनीवर तोफेचा नेम धरतो आहे, हे चित्र मला मोठे लोभस वाटते.

ह्या छंदात पदार्पण करणारे पुष्कळजण कोणीतरी रंगवून सोडून दिलेले जुने सैन्य विकत घेतात. मग प्रश्न पडतो तो रंगाचा. जुना रंग साफ उतरवून पुन्हा रंगवावे की आहे तसे ठेवावे? जाणत्यांचा सल्ला असा की रंगाचे थर इतके जाड नसतील की नाकडोळेच बुजून गेले आहेत, तर रंगाला शक्यतो हात लावू नये. धूळ काढावी, जेथे टवका उडाला असेल तेथे जुळता रंग लावावा, आणि बदलावी ती बैठक, म्हणजे पायाखालची चकती. निरनिराळ्या हातांनी रंगविलेले सैनिक सारख्या बैठकांवर, सारख्या मातीवर उभे केले की ते एका सैन्याचे वाटू लागतात. हा सल्ला मला चार मावळे बिघडवून झाल्यावर मिळाला, हे माझे दुर्दैव. त्याविषयी पुढे सांगतो.

बैठकीचे त्या खेळात शास्त्रच आहे. प्राचीन व मध्ययुगीन लढायांच्या एका लोकप्रिय नियमावलीत पंधरा मिलिमीटर उंचीच्या सैनिकांसाठी बैठकीची रुंदी ४० मिलिमीटर आणि पंचवीस मिलिमीटरच्यांसाठी ६० मिलिमीटर ठरविलेली आहे. भालेकऱ्यांची दाट फळी असेल तर एका बैठकीवर चार सैनिक, जड घोडदळाचे तीन, आणि हलक्या घोडदळाचे किंवा सुटे लढणाऱ्या प्यादांचे दोनच. बैठकीवर मोकळी जागा किती, ह्यावरून ते दल कसे लढते हे पाहणाऱ्यास कळते. ते नियम आपल्या शिवकालापर्यंत येत नाहीत. पण वाचताना मनात आलेच की, आपल्या मावळ्यांना बैठकीवर पुष्कळ मोकळी जागा लागली असती.

आमच्या मावळ्यांना मात्र बैठकच नव्हती, आणि त्यांचे पाय गेले ते त्यामुळेच. दिवाळीच्या किल्ल्यावर हिरवळ दिसावी म्हणून आपण अळीव किंवा मोहरी पेरतो आणि रोज पाणी शिंपडतो. मावळे कच्च्या मातीचे. ओल्या किल्ल्यावर चार दिवस उभे राहिले की तळातून ओल वर चढते, पाय मऊ होतात, आणि उचलताना मावळा हातात व पाय किल्ल्यावर, अशी गत होते. लहानपणी आम्हांला वाटे की ते लढाईत जायबंदी झाले.

ज्यांच्या माळ्यावर असा डबा असेल त्यांच्यासाठी मी काय केले ते थोडे तपशिलाने लिहितो. प्रथम सैनिक कशाचा आहे ते ओळखावे. तळाशी, जेथे रंग नाही तेथे, पाण्याचा एक थेंब ठेवावा. कच्ची माती थेंब पिऊन बोटाला लागते. भाजलेली माती थेंब पिते पण मऊ होत नाही. कच्च्या मातीला ओले फडके कधीही लावू नये, मऊ कोरड्या कुंचल्यानेच धूळ झाडावी. मोडलेल्या भागांच्या कडांवर स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या चपड्याचा पातळ हात द्यावा. पॉलिश करणाऱ्या सुताराकडे तो मिळतो. त्याने माती घट्ट होते आणि पुढे लागणारी ओल सहन करते. नवे पाय घडविण्यासाठी डिचोलीकडच्या एका गणपतीच्या चित्रशाळेतून मूठभर माती आणली. तेथील वृद्ध कारागिरांनी ती माझ्यासमोरच कापूस घालून मळली आणि मला बजावले, "मास्तर, सुकायला घाई करू नका. उन्हात ठेवाल तर भेगा पडतील." सावलीत आठ दिवस गेले. भाल्यांसाठी माडाच्या झाडणीतला हीर फार उत्तम: सरळ, चिवट आणि फुकट. मुठीत दाभणाने बारीक भोक पाडून हीर फेव्हिकॉलच्या टिपक्याने बसविला. दादाने मातीवर तैलरंग लावला होता, तो पापुद्र्यांनी सुटत होता. प्रत्येक पापुद्र्याखाली शून्य नंबरच्या कुंचल्याने पातळ केलेला डिंक सोडून बोटाने हलकेच दाबून धरावे लागले. ह्यात शाळेनंतरच्या दोन महिन्यांच्या संध्याकाळी गेल्या. घरातून, "परीक्षेचे पेपर तरी इतक्या निगुतीने तपासता का?" अशी पृच्छाही झाली.

मग बैठका. पाव इंच जाडीच्या प्लायवुडच्या दोन इंच व्यासाच्या चकत्या सुताराकडून कापून घेतल्या आणि दोन्ही बाजूंनी व्हार्निशचे दोन हात दिले, म्हणजे खालची ओल वर येणार नाही. त्यांवर मावळा चिकटवून भोवती डिंक पसरला आणि आमच्या चिऱ्याची लाल पूड, वस्त्रगाळ नव्हे, जरा भरड, भुरभुरली. आता सैनिक उचलावयाचा तो चकतीला धरून. अंगाला बोट लागत नाही, म्हणून रंगही झिजत नाही. प्रत्येक मावळ्याच्या पायाखाली नार्व्याची माती आहे, ही माझी खासगी चैन.

बैठक बदलण्याचे आमच्या गावाला नावीन्य नाही म्हणा. आमच्या सप्तकोटीश्वराचे मूळ देऊळ नदीपलीकडे दिवाडी बेटावर होते. कदंब राजांचे ते दैवत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देऊळ पाडले, लिंग नदीच्या अलीकडे आले, आणि शके १५९० मध्ये, म्हणजे १६६८ साली, शिवछत्रपतींच्या आज्ञेने येथील देवालयाचे काम सुरू झाले; तसा लेख दारावर आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत त्याच देवळाच्या नव्या जीर्णोद्धाराचा सोहळा झाला. लहानपणी दादा किल्ल्यावरच्या महाराजांचे तोंड नेहमी देवळाच्या दिशेला करीत असे.

आता त्या चार मावळ्यांविषयी. दुरुस्तीला बसलो त्या पहिल्या आठवड्यात मी मराठीचा शिक्षक आणि इतिहासाचा अभिमानी ह्या दोन्ही नात्यांनी बेफाम झालो होतो. दादाने रंगविलेले मावळे मला चुकीचे वाटले. एकाचे पागोटे बोटीसारखे निळे, एकाचा अंगरखा हिरवा, एकाच्या मिशा पिवळ्या! मी चौघांचा रंग पार खरवडून काढला, खडूची पूड डिंकात कालवून अस्तर दिले आणि आमच्या शाळेच्या चित्रकला-शिक्षकांकडून आणलेल्या रंगांनी त्यांना पांढरे अंगरखे व लाल मुंडासी दिली. चौघेही बाजारातल्यासारखे देखणे झाले. सौभाग्यवतींनी वाखाणणी केली. मी पाचवा हाती घेतला आणि त्याच्या तळाशी लिहिलेला आकडा पाहिला: ९. डबा पुन्हा उपसला तेव्हा तळाच्या वर्तमानपत्राखाली वहीचे एक दुमडलेले पान मिळाले, दादाच्या अक्षरातले. एक ते तेवीस आकडे, आणि प्रत्येकापुढे एक माणूस. निळ्या पागोट्याचा तो फेरीबोटीवरचा तांडेल, कारण त्याच्या होडीचाच उरलेला रंग दादाने मागून आणला होता. पिवळ्या मिशांचे ते तपकीर ओढणारे गुरुजी. पोस्टमन, देवळातले भटजी, पाव विकणारा पोदेर, आई सुद्धा, कमरेला तलवार लावून. दादाने किल्ल्यावर सगळे गाव उभे केले होते आणि ते आम्हां कोणाला सांगितले नव्हते.

मी खरवडलेले चौघे कोण, हे यादीवरून कळले. तीन नंबर तांडेल, आठ गुरुजी, अकरा शेजारचे काका. ह्या तिघांचे रंग मी स्वतः पाहिले होते. आठवून पुन्हा लावले. सात नंबरपुढे लिहिले होते: धाकटा. त्याचा अंगरखा हिरवा होता एवढे मला पक्के स्मरते. पण चेहऱ्याकडे मी पाहिलेच नव्हते. दादाने त्याला मिशा काढल्या होत्या की नाही, तो हसत होता की रडत, कपाळावर ती पडल्याची खूण होती का, हे मी दहा मिनिटांत कानस-कागदाने नाहीसे केले. त्याला मी पुन्हा हिरवा अंगरखा दिला. चेहरा कोरा ठेवला आहे.

घोडेस्वार मी बडोद्यास पाठविले नाहीत. ते शिशाचे आहेत, आणि जुन्या रंगांतही शिसे असते. घरगुती रंगांतील शिशावर आपल्या देशात नव्वद दशलक्षांश इतकी मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, तोवरचा रंग संशयितच समजावा. इंग्लंडात शिशाचे सैनिक करणे १९६६ मध्येच बंद झाले. असे सैनिक घासू नयेत, मुलांच्या हाती देऊ नयेत, स्वतः हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत. माझ्या दोन घोड्यांच्या पोटावर पांढरी भुकटी धरली होती. लाकडाच्या आणि पुठ्ठ्याच्या आम्ल वाफेने शिशाला असा रोग लागतो. म्हणून त्यांना लाकडी कपाटातून काढून काचेच्या बरणीत ठेवले आहे. त्यांचे दोऱ्याचे पागोटे जसेच्या तसे आहे.

बडोद्याच्या सेनापतींना हे पटलेले नाही. "आजोबा, घोडदळाशिवाय महाराज सुरतेला कसे जाणार?" असा त्यांचा सवाल दूरध्वनीवर आला. तेव्हा चित्रशाळेतल्या त्या वृद्ध कारागिरांकडून ह्या स्वारांवरून मातीचे घोडे घडवून घ्यावयाचे ठरले आहे. ते भट्टीत भाजलेले असतील, ओलीला घाबरणार नाहीत. सेनापती मे महिन्याच्या सुट्टीत येथे येऊन ते स्वतः रंगविणार आहेत. सात नंबरही तेव्हा ते बरोबर आणतील. यादी वाचून झाल्यावर त्यांनी मला विचारले होते, "आजोबा, तुम्ही सहा वर्षांचे असताना कसे दिसत होता?" आमच्या घरी त्या काळचे एकही छायाचित्र नाही. मी म्हटले, नाक तुझ्या आजोबांसारखेच होते, थोडे वाकडे.