'रीऑर्गनायझेशन' फोडायचा कसा?

आपल्या बेळगाव-निपाणी भागात इंग्रजी न येणाऱ्या आजोबांनाही एक इंग्रजी शब्द ठाऊक असतो: रीऑर्गनायझेशन. राज्य पुनर्रचना १ नोव्हेंबर १९५६ ला अमलात आली आणि चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. इतका घरचा झालेला शब्द, पण त्याचं चौदा अक्षरी स्पेलिंग पाहिलं की मुलं गांगरतात.

म्हणून आधी स्पेलिंग झाकून ठेवा. हनुवटीखाली तळहात आडवा धरा आणि शब्द सावकाश म्हणा. प्रत्येक स्वराला हनुवटी हाताला टेकते. एका स्वराभोवती एका झटक्यात बोलला जाणारा तुकडा म्हणजे उच्चारखंड. री-ऑर्-ग-नाय-झे-शन, असे सहा. पाचच भरले, तर बहुधा 'री' आणि 'ऑर्' एकमेकांत मिसळले आहेत.

आता आघात, म्हणजे एखाद्या खंडावरचा जास्तीचा जोर. मराठीत आपण सगळे खंड जवळपास सारख्याच जोराने बोलतो, त्यामुळे घोटाळा होतो तो इथेच. 'ऑर्गनाइझ' म्हणताना मुख्य जोर 'ऑर्'वर असतो. शेवटी 'शन' आलं की तो त्याच्या आधीच्या खंडावर, 'झे'वर सरकतो. 'ऑर्'वर थोडासा उरतो. एज्युकेशन, फेडरेशन, पिटिशन म्हणून पाहा, 'शन'च्या आधीच जोर येईल. निपाणीच्या तंबाखूला, 'टोबॅको'ला, हा नियम लागत नाही. तिथे जोर 'बॅ'वर, आणि तो ऐकूनच लक्षात ठेवायचा.

मधला 'ग' अगदी हलका. स्पेलिंग पाहून 'गॅन' असं ठासून म्हणू नका. आणि 'झे' मधला झ झेंड्यातला नाही, झाडातला.

तिसरी फोड अर्थाची. ती उच्चाराच्या फोडीशी जुळत नाही, हे मुलांना आधीच सांगावं. 'री' हा उपसर्ग, म्हणजे शब्दाच्या आधी जोडलेला तुकडा, अर्थ 'पुन्हा'. 'ऑर्गन'चं मूळ ग्रीक, तिथे अर्थ 'साधन'. 'आइझ' म्हणजे करणे आणि 'एशन' म्हणजे ती क्रिया. झ खरा 'आइझ'चा, पण बोलताना पुढच्या 'एशन'ला चिकटून 'झे' होतो. लिहिताना 'ऑर्गनाइझ'च्या शेवटचं ई हे अक्षर गळतं. बरीच मुलं ते ठेवून देतात. स्पेलिंग पाठ करायचं ते याच फोडीने.

मी मुलांना त्याआधी 'पुनर्रचना' फोडायला देतो: पुनर् अधिक रचना. वहीत एकच र लिहिणाऱ्यालाही मग कळतं, एक र पुनर्‌चा, दुसरा रचनेचा. त्यानंतर इंग्रजी शब्दातला 'री' मुलं आपणहून वेगळा काढतात.