सौदा मोडला, खर्च कोणाचा?

खापरच्या बाजारपेठेतील जुने घर क्वचितच विक्रीस निघते, आणि निघाले की दोन दिवसांत त्याचा इसार दिला जातो. शेजारचीच जागा असते, दुकान मागे वाढवायचे असते, मुलाचे लग्न ठरलेले असते. अशा वेळी वकिलाकडे कोण जातो? व्यवहार शब्दावर ठरतो, इसार पावती चार ओळींची होते आणि कागदपत्रे मागाहून पाहिली जातात. सौदा पार पडला तर या घाईचे कोणास काही वाटत नाही. तो मोडला म्हणजे मात्र हिशेबाची वही उघडावी लागते.

माझ्या एका आप्तांनी काही वर्षांपूर्वी असेच एक घर बेचाळीस लाखांत ठरवून पाच लाख इसार दिला. घर विकणाऱ्याच्या आजोबांचे, म्हणजे वडिलोपार्जित. कर्जासाठी बँकेच्या वकिलाने शोध घेतला तेव्हा विकणाऱ्याच्या दोन विवाहित बहिणींच्या संमतीचा कागदच नसल्याचे दिसले. बहिणींनी सही नाकारली. तोवर आमच्या आप्तांचे वकिलाची फी, वर्तमानपत्रातील जाहीर नोटीस, बँकेची प्रक्रिया फी आणि मूल्यांकन मिळून अडतीस हजार रुपये खर्च झाले होते. ते कोणी द्यायचे, हा वाद पाच लाखांच्या परतीपेक्षाही कडवट ठरला.

बहिणींच्या हक्काविषयी आपल्या समाजात अजूनही गैरसमज आहे. हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. त्या दिवशी वडील हयात नसले तरी तो हक्क राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. तिचे लग्न होऊन ती सुरतेला नांदत असली तरी तिची सही लागतेच.

खापरपुरत्या आणखी दोन गोष्टी आहेत. गावठाणातील घराला सातबारा नसतो, म्हणून ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा दाखवला जातो; परंतु तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. शिवाय अक्कलकुवा तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. जमीन मुळात आदिवासी खातेदाराची असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे पूर्वपरवानगीवाचून ती बिगर-आदिवासीस घेता येत नाही. आधी इसार देऊन मग परवानगीचे पाहू, हा क्रम अत्यंत महागात पडतो.

आता खर्चाच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. इंग्लंडमध्ये १८७४ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने असा दंडक घातला होता की, विकणाऱ्याचा हक्क सदोष निघाला पण त्याने लबाडी केली नसेल, तर घेणाऱ्यास केवळ झालेला खर्च मिळेल, हुकलेल्या सौद्याचा तोटा मिळणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने विसाव्या शतकाच्या आरंभीच हा दंडक आपल्याकडे लागू नाही, असे ठरवले. करार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे करारभंगातून स्वाभाविकपणे उद्भवलेली हानी मागता येते. म्हणजे कायदा आपल्याकडे घेणाऱ्यास अधिक अनुकूल आहे. पण अडतीस हजारांसाठी दिवाणी दावा कोण लावतो? येथेच पावतीतील एका वाक्याचे मोल कळते.

इसाराविषयी मात्र कायदा भक्कम आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२, याच्या कलम ५५ नुसार घेणाऱ्याने योग्य कारणाने सौदा नाकारला, तर दिलेली रक्कम, इसार आणि न्यायालयाने मंजूर केलेला दाव्याचा खर्च यांचा बोजा त्या मिळकतीवरच चढतो. दावा लावलाच तर इसार परत मिळण्याची मागणी दाव्यात स्पष्ट लिहावी लागते. न मागितल्यास न्यायालय ती आपणहून देत नाही. उलट चूक घेणाऱ्याची असेल तर खरा इसार जप्त होऊ शकतो. १८ ऑक्टोबर २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सत्तर लाखांच्या सौद्यातील सात लाखांचा इसार जप्त करणे वैध ठरवले, मात्र किमतीपोटी दिलेला हप्ता आणि इसार यांत भेद केला. पावतीवर ‘इसार’ लिहावे की ‘किमतीपोटी आगाऊ’, हा शब्दांचा खेळ नाही.

आपल्या व्यापारी सवयीबद्दलही स्पष्ट बोलतो. १ जून २०१५ पासून स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रोख घेता येत नाही, मग तो व्यवहार पूर्ण होवो वा न होवो. परतफेडही बँकेतूनच करावी लागते, आणि उल्लंघनास रकमेइतकाच दंड आहे. रोख इसार परत मागायला निघालेला मनुष्य म्हणूनच अर्धा हरलेला असतो.

साठेखत नोंदवले असेल तर सर्वांत मोठी रक्कम मुद्रांक शुल्काची. नोंदणी फी परत मिळत नाही. मुद्रांक शुल्क मिळू शकते, पण तारखा पाळाव्या लागतात. ताबा घेण्यापूर्वी, साठेखतापासून पाच वर्षांच्या आत, रद्दलेख नोंदवावा लागतो आणि त्याच्या नोंदणीपासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. मुंबईतील एका महिलेने २०१४ मध्ये २५,३४,४०० रुपये शुल्क भरले. नंतर कळले की विकणाऱ्याने ती मिळकत १९९२ मध्येच दुसऱ्यास विकली होती. तिचा दस्त नोंदवलेला नव्हता. मुदत टळली म्हणून तिचा परताव्याचा अर्ज फेटाळला गेला. सर्वोच्च न्यायालयाने १७ मे २०२४ रोजी तिला रक्कम देववली. दहा वर्षे गेली, आणि तेथवर जाणे प्रत्येकास परवडणारे नाही.

बँकेत काढलेल्या वर्षांतून एक गोष्ट सांगावीशी वाटते. बँकेच्या वकिलाचा शोध अहवाल बँकेसाठी असतो, तुमच्यासाठी नव्हे. त्याची फी तुम्ही भरता, पण प्रत पुष्कळदा हाती येत नाही. कर्ज नामंजूर झाले तरी प्रक्रिया फी जाते. म्हणून इसारापूर्वी स्वतःचा वकील नेमून निदान तीस वर्षांचा शोध घ्यावा. त्याची फी मोडलेल्या सौद्याच्या खर्चापुढे किरकोळ आहे.

आमच्या आप्तांना पाच लाख आठ महिन्यांनी धनादेशाने मिळाले. अडतीस हजारांचा विषय दोन्ही घरांत पुन्हा निघाला नाही, आणि बोलणेही फारसे उरले नाही. पुढच्या वर्षी त्यांनी तळोद्याला घर घेतले, तेव्हा पावतीचा मसुदा मला दाखवला. त्यात एक ओळ त्यांनी स्वतः लिहिली होती: ‘मालकी हक्कातील दोषामुळे सौदा पूर्ण न झाल्यास विकणार यांनी इसाराची संपूर्ण रक्कम तीस दिवसांत बँकेमार्फत परत करावी, तसेच घेणार यांनी शोध, नोटीस व बँक फी यांपोटी केलेला पावतीनिशी खर्च द्यावा.’ विकणाऱ्याने ती वाचली आणि न कुरकुरता खाली सही केली.