जुनी घर-गाडी : आधी गिअरबॉक्स, मग चिखलातली पकड

वाशी म्हटले की पुष्कळांना नवी मुंबईतली वाशी आठवते. आपली वाशी धाराशिव जिल्ह्यातली, बालाघाटाच्या डोंगररांगेतली. तेरखेड्यावरून जाणारा सोलापूर-धुळे महामार्ग, येरमाळ्याचा घाट आणि पावसाळ्यात चाक धरून ठेवणारी काळी माती, या तिन्ही गोष्टींशी इथल्या गाडीवाल्यांची व मिस्त्रींची रोजची गाठ असते.

महाराष्ट्र शासनाने 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिच्यात झोपण्याची व स्वयंपाकाची सोय करावी, असे मनात असलेले गिऱ्हाईक गॅरेजच्या दारात आले, तर त्याला काय सांगावे? ट्रॅव्हलर ही बजाज टेम्पोची, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सची, 1987 साली आलेली गाडी. मर्सिडीजच्या टी-1 व्हॅनवर ती बेतलेली आहे आणि तिला जोर मिळतो तो मागच्या चाकांना. सल्ला देताना हे ध्यानात ठेवावे.

गिअरबॉक्स खोलण्यापूर्वी

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन चालू करावे. आवाज येत असेल आणि क्लच दाबताच तो बंद होत असेल, तर संशय गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टच्या बेअरिंगवर घ्यावा. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल, तर रिलीज बेअरिंग पाहावे. चौथ्या डायरेक्ट गिअरात गाडी गप्प आणि बाकीच्या गिअरांत घरघर, असे असेल तर खालच्या शाफ्टकडे दोष असण्याचा संभव जास्त. क्लच ठीक असूनही गिअर टाकताना करकर होत असेल, तर पितळी सिंक्रो रिंगा झिजल्या असे समजावे.

सर्वांत धोक्याची खूण म्हणजे चालताना गिअर सुटणे. घाटाच्या उतारावर गिअर सुटला की इंजिनची रोख जाते व सगळा भार ब्रेकवर येतो. मागे बायको-मुले झोपलेली असतात. अशा गाडीचे काम 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणून ढकलू नये.

तीन मार्ग

पहिला मार्ग स्वस्तातला. गिअरचे दात शाबूत असतील, तर बेअरिंग, सिंक्रो रिंगा आणि ऑइल सील बदलून काम भागते. दात तुटले किंवा खवले पडले असतील, तर दुसरा मार्ग म्हणजे पूर्ण ओव्हरहॉल. त्यात जोडीचे गिअर जोडीनेच बदलावेत. तिसरा मार्ग भंगारात निघालेल्या गाडीचा गिअरबॉक्स बसवण्याचा. तो न खोलता कधीही बसवू नये. गिअरचे रेशो आणि क्लच प्लेटमध्ये बसणारे शाफ्टचे दात मोजून घ्यावेत.

ऑइल कंपनीच्या पुस्तकात सांगितलेलेच भरावे. डिफरन्शियलचे काही जहाल ऑइल पितळी रिंगांना मानवत नाही.

चिखलात पकड

साध्या डिफरन्शियलची खोड अशी, की एक चाक घसरून जागीच फिरू लागले की दुसऱ्या चाकालाही जोर मिळत नाही. यावर पहिला उपाय टायरचा. काळी माती ज्याच्या नक्षीत बसून राहते तो टायर चिखलात गुळगुळीत टायरसारखाच. रुंद खाचांचे टायर घ्यावेत. दुसरा उपाय वजनाचा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. टाकी अगदी मागे लटकवू नये, दोन्ही धुऱ्यांच्या मध्ये, खाली ठेवावी. फावडे, दोन फळ्या आणि दोर गाडीत असू द्यावा. हँडब्रेक मागच्या चाकांवर लागत असेल, तर तो हलका ओढून गाडी सावकाश काढण्याची जुनी युक्तीही कामी येते.

एवढ्याने भागले नाही, तर लिमिटेड स्लिप डिफरन्शियलचा विचार करावा. आपल्या धुऱ्याला बसणारा नग मिळतो का, ते पैसे देण्याआधी पाहावे.

चारही चाकांवर गाडी चालवण्याचा मोह मात्र महागात पडतो. ट्रान्सफर केस, पुढचा धुरा आणि स्टिअरिंग असे सगळेच बदलावे लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदल मनाने करता येत नाहीत. बेकायदा बदलाला 2019 च्या दुरुस्तीनंतर प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा आहेत. आतली घराची मांडणी करण्यापूर्वीही आरटीओत विचारून घ्यावे. ज्याला खरोखर चारचाकी जोर हवा, त्याने कारखान्यातूनच तशी निघालेली गाडी पाहावी.

मिस्त्री बांधवांना एकच विनंती. गिअरबॉक्स गिऱ्हाइकासमोर खोला, जुने भाग त्याच्या हातात द्या आणि पक्के बिल करा. चार चाकांचे स्वप्न विकून एकदाच पैसा मिळेल. खरा सल्ला दिलात तर तेच गिऱ्हाईक दुसऱ्याला घेऊन तुमच्या दारात येईल.